दोन बोटं खाली

काशिनाथ ढोबळे भोपाळला आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण त्यांची मराठी अजून चिंचवडलाच राहते. बाविसाव्या वर्षी पिपलानीच्या कारखान्यात टर्नरची नोकरी लागली म्हणून आले, साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि बाग सेवनियात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. आडनाव ढोबळे, पण ढोबळ काम या माणसाने आयुष्यात केलं नाही. लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरायचं आणि ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच करायचं, ना रेघभर जास्त ना रेघभर कमी. मराठीलाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. कारखान्यात हिंदी बोलावी लागायची ती बोलायचे, आणि ती इतकी वाईट बोलायचे की सोबतचे लोक मुद्दाम त्यांना बोलतं करायचे. घरात मात्र हिंदीचा एक शब्द शिरला की यांच्या कपाळावर आठी.

अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती भोपाळचीच. कमलिनीबाईंचे वडील, भालचंद्र पिंपळखुटे, छप्पन साली सरकारी कचेऱ्या नागपुराहून भोपाळला हलल्या तेव्हा शेती खात्यात कारकून म्हणून आले. घरची बोली नागपूरची, वरून भोपाळची फोडणी. बटाट्याला आलू, कुलपाला ताला, रिकाम्या पिशवीला खाली पिशवी. काशिनाथ मुलगी पाहायला नेहरू नगरच्या क्वार्टरात गेले, तेव्हा भालचंद्ररावांनी मोठ्या प्रेमाने विचारलं, "आलूचे पोहे चालतात ना?" काशिनाथ म्हणाले, "बटाट्याचे चालतात." लगेच आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. तो कमलिनीबाईंचा होता. लग्न त्या हसण्यावर ठरलं, असं काशिनाथ अजून सांगतात.

पुढची चाळीस वर्षं त्यांनी बायकोची मराठी दुरुस्त केली. "करून राहिले नव्हे, करतेय." "ताला नव्हे, कुलूप." "खाली नव्हे, रिकामं." कमलिनीबाई शांतपणे ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणत. दोघांपैकी कुणीच थकलं नाही.

आता ट्रॅक्टरची गोष्ट.

मिसरोदच्या पुढे, कलियासोत नदीच्या काठाला, भालचंद्ररावांनी तीन एकर जमीन घेऊन ठेवली होती. चौऱ्याहत्तर साली खात्याने जुनी यंत्रं काढून टाकली, त्यात एक लाल ट्रॅक्टर होता, सदुसष्ट सालचा. तो त्यांनी घेतला. आठवडाभर कचेरीत टेबलावर बसणारा हा बुटका कारकून रविवारी सायकल मारत शेतावर जायचा आणि ट्रॅक्टरवर चढला की कलेक्टरसारखा दिसायचा. चाकावरच्या मडगार्डवर कमलिनी बसलेली असायची, एका हाताने बापाचा खांदा धरून. हे सगळं कमलिनीबाईंकडून काशिनाथांनी शंभरदा ऐकलं होतं. दोन हजार नऊ साली भालचंद्रराव गेले आणि ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच. एकुलत्या एक मुलीने दर दसऱ्याला जाऊन त्याला झेंडूचा हार घालायचा, एवढंच त्याच्या वाट्याला उरलं.

यंदा ती जमीन गजराज मीणा नावाच्या गृहस्थाने नर्सरीसाठी भाड्याने घेतली. माणूस सरळ, पोटात एक ओठात एक असं नाही. पहिल्याच भेटीत म्हणाला, "भाईसाब, शेड मुझे खाली चाहिए। तीन हफ्ते बाद, सोमवार को। कबाड़ी से बात कर ली है, ट्रैक्टर काट के ले जाएगा।"

बोलण्यात काही वावगं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ट्रॅक्टर काही ठेवता येत नाही. काशिनाथांनी मान हलवली आणि स्कूटर काढली. कमलिनीबाई मागे बसल्या. मिसरोदच्या सिग्नलला थांबल्यावर त्या काशिनाथांच्या पाठीशी हळूच म्हणाल्या, "बाबांनाच कापून राहिले, असं वाटून राहिलं हो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा काशिनाथांनी वाक्य दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते एकटे मीणांसमोर जाऊन उभे राहिले. "ये ट्रॅक्टर चालू हुआ तो? ओढेगा तो?" मीणांना 'ओढेगा' कळलं नाही, पण हाताच्या खुणेवरून अर्थ लागला. ते हसले. नर्सरीला लागणारी काळी माती नदीकाठाहून वर सडकेपर्यंत आणायला त्यांना दर वेळी दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागत होता. तिथली चढण अशी, की भरलेली ट्रॉली घेऊन चांगले ट्रॅक्टरही कण्हत यायचे. मीणा म्हणाले, "भरी ट्रॉली ऊपर चढ़ा दो, भाईसाब, तो ट्रैक्टर भी यहीं रहेगा और शेड भी उसी का। मैं खुद चलाऊँगा, ज़बान देता हूँ। नहीं चढ़ी, तो सोमवार को कबाड़ी।"

काशिनाथ घरी आले आणि कमलिनीबाईंना म्हणाले, "माझे जुने कपडे काढ."

ट्रॅक्टरच्या सीटखालच्या पेटीत त्यांना मेणकापडात गुंडाळलेली एक वही सापडली. वर सुरेख अक्षरात 'ट्रॅक्टर' असं लिहिलेलं, आत पानापानावर भालचंद्ररावांनी या यंत्राची एकूण एक खोड नोंदवून ठेवलेली. कुठला नट उलटा फिरतो, थंडीत इंजिन कसं उठवायचं, ऑइल काढायचा बोल्ट खाली कुठे आहे. टर्नर माणसाला ड्रॉइंग मिळालं म्हटल्यावर आणखी काय हवं! काशिनाथ ती वही घरी घेऊन आले आणि पेन्सिल हातात धरून वाचायला बसले. होय, पेन्सिल. कारण 'टंकी साफ करणे' असं लिहिलेलं त्यांना बघवेना. त्यांनी 'टंकी' खोडून 'टाकी' केलं, 'साफ' खोडून 'स्वच्छ' केलं. सासऱ्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि जावई त्यांचा पेपर तपासत होता.

"बाबांची परीक्षा घेऊन राहिले का?" कमलिनीबाईंनी विचारलं.

"घेताय का," काशिनाथ म्हणाले, आणि पान उलटलं.

ट्रॅक्टरचं काम एकट्याचं नव्हतं. काशिनाथ आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. लोखंड त्यांना कळत होतं, पण ट्रॅक्टरच्या पोटात त्यांनी कधी हात घातला नव्हता. त्यासाठी त्यांनी रईस मिस्त्रींना गाठलं. अशोका गार्डनमध्ये रेल्वेलाइनच्या बाजूला रईसमियांचं गॅरेज आहे. वय सत्तरीच्या आसपास, आणि जुन्या ट्रॅक्टरांवर जीव. त्यांनी शेडमध्ये येऊन लाल ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरचा सुकलेला झेंडूचा हार बाजूला केला आणि भोपाळी थाटात म्हणाले, "को खाँ काशी भाई, इत्ती पुरानी चीज़ को सुला के रखा था आपने?"

आठव्या दिवशी इंजिन उठलं. आधी धूर, मग खोकला, मग एकदम धडधड सुरू झाली आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. कमलिनीबाई बाहेर डबा घेऊन बसल्या होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग हसायला लागल्या. त्यांना तो आवाज पंधरा वर्षांनी ऐकू आला होता.

पण ट्रॅक्टर जागचा हलेना. म्हणजे हलला, पण कसा, तर इंजिन कानठळ्या बसतील इतकं ओरडतंय आणि चाकं आपली रमतगमत चाललीत. "किलच फिसल रहा है," रईसमियांनी निदान केलं. त्याचं असं असतं. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लचची एक चकती असते. ती दोन्हीकडून घट्ट दाबलेली असली की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. पेडल दाबलं की तेवढ्यापुरती ती पकड सुटते. ही चकती तेल पिऊन गुळगुळीत झाली असेल, तर पेडल न दाबताही ती निसटत राहते आणि सगळा जोर वाया जातो.

"बीच से तोड़ना पड़ेगा," रईसमियां म्हणाले.

कमलिनीबाई ताडकन उभ्या राहिल्या. "तोडायचा? मग कबाडीनं काय वाईट केलं होतं?"

मिस्त्री लोकांच्या भाषेत तोडणं म्हणजे मधोमध उघडणं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. तरी त्या दिवशी त्या शेडच्या आत आल्या नाहीत. ट्रॅक्टरच्या दोन्ही अर्ध्यांखाली लाकडी ठोकळे लावले, चेन-पुलीने पुढचा भाग धरला, बोल्ट सोडले आणि ट्रॅक्टर कलिंगडासारखा दोन फाकांत उघडला. आत चकती काळीकुट्ट, तेलाने थबथबलेली. गळणारं सील बदललं. चकती मात्र कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी रईसमियांनीच आपल्या गॅरेजच्या माळ्यावरून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एक कोरी चकती शोधून काढली. ती बसवायला आणि ट्रॅक्टर पुन्हा जोडायला तीन दिवस गेले. शेवटचा बोल्ट आवळून झाला आणि रईसमियांनी हात पुसले. त्यांच्या भाचीचा निकाह होता सीहोरला, आणि घरचे केव्हाचे खोळंबले होते.

"बस, पैडल सेट करना बाकी है," जाता जाता ते म्हणाले. "पंद्रह मिनट का काम है। तुम्हारे ससुर की कॉपी में लिखा होगा।"

वहीत लिहिलेलं होतंच. भालचंद्ररावांच्या सुरेख अक्षरात, आणि खाली दोनदा रेघ मारलेली:

'क्लच दोन बोटं खाली ठेवणे. नाही तर फिसलते.'

काशिनाथांनी आधी 'फिसलते' खोडून 'घसरतो' केलं. मग कामाला लागले. दोन बोटं खाली. शेजारी ब्रेकचं पेडल होतं, त्याच्यापेक्षा क्लचचं पेडल दोन बोटं खाली ठेवायचं, हे उघडच होतं. असं का, हाही प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तरही लगेच मिळालं. सासरे बुटके होते. पाय पोचत नसेल. त्यांनी स्वतःची दोन बोटं जुळवून त्यांच्यावर व्हर्नियर लावला. अडतीस मिलिमीटर भरले. पेडलला वर अडवणारा एक बोल्ट असतो, तो त्यांनी पिळत पिळत पेडल बरोबर अडतीस मिलिमीटर खाली आणून पक्कं केलं. घरी आल्यावर कमलिनीबाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं, "तुझ्या बाबांनी पेडलसुद्धा आपल्या उंचीचं करून घेतलं होतं."

"बाबांचा पाय चांगला पोचत होता," कमलिनीबाई म्हणाल्या. पण यांचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी सकाळी चाचणी झाली. मीणांच्या माणसांनी ट्रॉली काळ्या मातीने काठोकाठ भरली. काशिनाथ सीटवर बसले, आणि कमलिनीबाई इतक्या वर्षांनी मडगार्डवर, बासष्टाव्या वर्षी, साडी सावरत. सपाटीवर ट्रॅक्टर छान चालला. मीणांनी अंगठा दाखवला. मग चढण आली. अर्ध्यापर्यंत गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. चाकं मंदावली. काशिनाथांनी अजून रेटलं तसा पायाखालून धूर यायला लागला, आणि भाजल्याचा असा काही उग्र वास सुटला की मीणांनी नाकाला गमछा लावला. मग ट्रॉली मागे सरकायला लागली. "पत्थर लगाओ, पत्थर!" मीणा ओरडले, माणसांनी चाकांमागे धोंडे सारले आणि थोडक्यात निभावलं.

काशिनाथ खाली उतरले. मीणा टोचून बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. "कोशिश तो पूरी की आपने," ते म्हणाले. "सोमवार को दस बजे आएगा वो।"

सीहोरला फोन लावला. मागे शहनाई वाजत होती. रईसमियां ओरडून म्हणाले, "पिलेट में ही खोट होगी, मियाँ! बरसों की रखी थी! मैं मंगल से पहले नहीं आ सकता!" मंगळवारी येऊन ते काय बघणार होते, कापलेले तुकडे?

शनिवारी काशिनाथ दिवसभर शेडमध्ये एकटे होते. क्लचच्या घराला बाजूने एक छोटी खिडकी असते, तिचं झाकण काढून टॉर्चने आत पाहिलं. चकती वरवर भाजली होती, पण जिवंत होती. जाड होती, धड होती, तेलाचा थेंब नव्हता. पेडल पुन्हा मोजलं, अडतीस. स्प्रिंगा तपासल्या, ठीक. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे होतं, आणि तरी क्लच पकड घेत नव्हता. चव्वेचाळीस वर्षं या माणसाचा एकच विश्वास होता, की ड्रॉइंगप्रमाणे केलं की काम चुकत नाही. तो विश्वासच हादरला. संध्याकाळी घरी आले ते चिडूनच. बूट काढता काढता म्हणाले, "तुझ्या बाबांनीच चुकीचं लिहून ठेवलंय."

कमलिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "बाबा तीस वर्षं कारकून होते," त्या म्हणाल्या. "नोकरीत वर चढता आलं नसेल त्यांना. पण लिहिण्यात त्यांनी कधी चूक केली नाही."

आणि त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या. काशिनाथांना आपल्या बोलण्याची इतकी लाज वाटली की जेवताना मान वर करवेना. ट्रॅक्टर गेला तर गेला, पण जाता जाता आपण मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडलं, हे त्यांना टोचत राहिलं.

रविवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत उभे होते. समेट कसा करायचा ते सुचत नव्हतं. कमलिनीबाई ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, पोह्यांचा डबा खाली आहे."

एवढ्या हुकमाचीच ते वाट पाहत होते. लगेच गुडघे टेकून बसले आणि ओट्याखालचं कपाट उघडलं. डाळींचे डबे काढले, पिठाचा डबा काढला, मागे हात घालून एक जुना खलबत्ताही काढला. पोह्यांचा डबा काही सापडेना.

"काय शोधून राहिले?"

"पोह्यांचा डबा. खाली आहे म्हणालीस ना?"

कमलिनीबाई वळल्या. डबा त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो उलटा करून दाखवला. "खाली आहे म्हणून तर सांगून राहिले. दुकानातून आणा."

'रिकामा म्हण' हे शब्द काशिनाथांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. ते तसेच जमिनीवर बसून राहिले, एका हातात खलबत्ता, तोंड उघडं. कमलिनीबाई घाबरल्या. त्यांना वाटलं, छातीत बिछातीत दुखतंय की काय.

"कमल," काशिनाथ म्हणाले, "तुझे बाबा... खाली म्हणजे काय म्हणायचे?"

"खाली म्हणजे खाली. ज्यात काही नाही ते."

"आणि वर-खाली मधलं खाली?"

"तेही खालीच."

"मग कुठलं कुठलं, हे कळायचं कसं?"

"आम्हाला कळायचं," कमलिनीबाई म्हणाल्या.

ज्या शब्दाला चाळीस वर्षं हाताला धरून घराबाहेर काढलं, तो वहीत समोर येऊन उभा राहिला तेव्हा काशिनाथांना ओळखता आला नव्हता. क्लच दोन बोटं खाली, म्हणजे दोन बोटं रिकामा! पेडल दाबलं की पहिली दोन बोटं ते नुसतंच पोकळ जायला हवं, आणि मग क्लचला हात लागायला हवा. आणि आपण काय केलं? पेडल दोन बोटं दाबून, वरून बोल्टने पक्कं करून ठेवलं. म्हणजे क्लच कायमचा अर्धवट सोडलेला. सपाटीवर तेवढी पकड पुरली. चढणीवर ओझं आलं आणि निसटली. चकतीत खोट नव्हती, वही चुकली नव्हती, भालचंद्ररावांचा पाय चांगला पोचत होता. चुकली होती ती चिंचवडची मराठी.

"पोहे राहू दे," काशिनाथ उठत म्हणाले. "चल."

"कुठं?"

"ट्रॅक्टरवर."

पंधरा मिनिटांचं काम पंधरा मिनिटांतच झालं. अडवणारा बोल्ट त्यांनी मोकळा केला तसं पेडल टपकन वर, ब्रेकच्या बरोबरीला आलं. मग पेडलपासून आत जाणाऱ्या सळईवरचा नट थोडा थोडा फिरवत, दर वेळी पेडल हाताने दाबून बघत राहिले. दोन बोटं पेडल भुस्सकन जायचं, आणि मग जड लागायचं. व्हर्नियर खिशात होता, तो त्यांनी काढला नाही. कमलिनीबाईंना बोलावलं आणि म्हणाले, "तू बघ. तुझ्या बाबांचं पेडल असंच होतं का?" कमलिनीबाईंनी वाकून तळहाताने पेडल दाबलं. एकदा, दोनदा. "हव," त्या म्हणाल्या. "पहिले हलकं, मग भारी. असंच."

मीणा रविवारची आंघोळ उरकून नर्सरीच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. पुन्हा ट्रॉली भरायची म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण माणसांना हाक मारली. एवढंच नाही, तर त्यांनी चार घमेली माती जास्तच टाकायला लावली. हसत म्हणाले, "बाद में कोई ये न कहे कि ट्रॉली हल्की थी।"

काशिनाथांनी गिअर टाकला आणि पाय अलगद सोडला. ट्रॅक्टरने हिसका दिला. शुक्रवारी असा हिसका बसलाच नव्हता. आता इंजिन ओढत होतं आणि चाकं ऐकत होती, मधे कुणी गळती करत नव्हतं. सपाटी संपली. चढण सुरू झाली. समोर वाटेत शुक्रवारचे धोंडे तसेच पडले होते, जिथे ट्रॉली अडली होती तिथे. काशिनाथांनी स्टिअरिंग आवळून धरलं. मडगार्डवरून कमलिनीबाईंनी त्यांचा खांदा धरला, घट्ट, बोटं रुततील असा.

धोंडे आले. इंजिनाचा आवाज जाडा झाला, पण चढला नाही. नाकात वास नाही, पायाखालून धूर नाही. मागचं चाक एका धोंड्यावर चढलं, उतरलं, आणि पुढे निघालं. "चल," काशिनाथ पुटपुटले, "चल, चल, चल!" आणि मग त्यांचं पुटपुटणं कधी ओरडणं झालं, ते त्यांनाही कळलं नाही. चिंचवडचा हा शिस्तीचा माणूस, ज्याने कधी क्रिकेटच्या मॅचलासुद्धा आवाज चढवला नव्हता, तो सीटवर अर्धा उभा राहून बोंबलत होता. मागे मीणांची माणसं शिट्ट्या मारत चढणीवरून धावत येत होती. पुढची चाकं सडकेच्या काठावर चढली, मागची चढली, आणि शेवटी ओझ्याने भरलेली ट्रॉली हिसका देऊन वर आली. लाल ट्रॅक्टर, वय वर्षं सत्तावन्न, होशंगाबाद रोडकडे जाणाऱ्या वाटेवर ऐटीत उभा राहिला.

कमलिनीबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "बाबा असेच ओरडायचे," त्या म्हणाल्या. "अगदी असेच!"

मीणा धापा टाकत पोचले. त्यांनी आधी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली, मग काशिनाथांच्या पाठीवर. "मान गए, भाईसाब! ज़बान दी थी, ट्रैक्टर यहीं रहेगा। अब बोलो, क्या करना है?"

काशिनाथ छाती फुगवून मागे वळले आणि सगळ्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ट्रॉली खाली करा!"

"रिकामी म्हणा," मडगार्डवरून आवाज आला. "रिकामी."

"खाली!" काशिनाथ म्हणाले. "खालीच म्हणणार."

त्या संध्याकाळी ते खोडरबर घेऊन वहीपाशी बसले. 'टाकी' पुसून 'टंकी' पुन्हा मोकळी केली, 'घसरतो' पुसून 'फिसलते' ठेवलं. पेन्सिलीची एकूण एक खूण पुसली आणि वही मेणकापडात गुंडाळून ठेवली. बटाट्याला घरात अजून बटाटाच म्हणावं लागतं, तेवढं काही बदललेलं नाही.

सोमवारी दहाच्या ठोक्याला कबाडी टेम्पो घेऊन आला. गॅस-कटर, सिलिंडर, दोन माणसं, सगळा सरंजाम. काशिनाथ नऊपासूनच फाटकात खुर्ची टाकून बसले होते. मागे शेडमध्ये ट्रॅक्टर होता, आणि त्याच्या गळ्यात कमलिनीबाईंनी दसरा नसताना घातलेला ताजा झेंडूचा हार. कबाडीने विचारलं, माल कुठे आहे. काशिनाथ खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला, आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, एकही चूक न करता, अस्सल भोपाळी हिंदीत त्याला सांगितलं,

"शेड खाली नहीं है, मियाँ।"